चिखलातला उगम

रोज नेमाने साधनेला बसतो, पण आत काहीच हलत नाही, असं वाटतं ना? मग सोडून द्यावंसं वाटतं. आज त्यासाठी एका डोंगराचं चिंतन करू.

मध्य वेल्समधला पिमलिमॉन. उंची ७५२ मीटर. मी चढलो तेव्हा वाटेत माणूस क्वचितच दिसला, चिखल मात्र सगळीकडे. बूट चपचपत होते, अर्ध्यातून परत फिरावं असं दोनदा मनात आलं. तिथे एक गोष्ट लगेच कळते. शेवाळ जिथे छान पोपटी दिसतं, तिथेच पाय खोल रुततो. गवताच्या राठ झुपक्यांवर पाऊल टाकत हळूहळू जायचं.

माथ्यावर हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला कादर इद्रिस आणि पश्चिमेला थेट समुद्र दिसतो. डोळे निवतात.

पण मला जास्त शिकवलं त्या चिखलानेच. तिथलं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. ते पुरतं कुजत नाही, थरावर थर साचून त्याचं पीट होतं. वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर! आणि याच दलदलीतून सेव्हर्न निघते, ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, सुमारे ३५४ किलोमीटरची.

ज्याला आपण वाटेतली अडचण म्हणतो, तिथेच नदी साठत असते.

म्हणून आज बसाल तेव्हा ‘काय मिळालं?’ हा हिशोब नको. नेम मोडू नका. पाणी मुरतंय.