देवराईतील अभ्यासभेट : द्रव्यपरिचय व आपले उत्तरदायित्व

आयुर्वेदाचे द्रव्यज्ञान ग्रंथांत जतन झाले असले, तरी त्याचा उगम अरण्यात आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी यांना औषधी नाम-रूपाने ठाऊक असतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद आहे. केवळ नाम-रूप जाणल्याने औषधाचा योग कळत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. आज आपल्याला योग ठाऊक आहे. रूप मात्र विस्मरणात चालले आहे, कारण द्रव्य आपल्यापर्यंत भरड वा चूर्ण होऊनच पोहोचते.

परभणीच्या व्यावसायिकांस अभ्यासभेटीसाठी शेजारच्या बीड जिल्ह्यातील पालवण येथील सह्याद्री देवराई सोयीची आहे. देवाच्या नावे राखलेल्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, ही आपली जुनी लोकरीत. तिचेच नाव घेऊन येथे उजाड डोंगरावर देशी वृक्षांची लागवड झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये येथे वृक्षसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान वडाला देण्यात आला होता.

अशा भेटीत पुढील बाबींचा अभ्यास करावा.

१) साल : अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. ऐनाची साल काळपट व खोल भेगांची असते. झाडावर सहज दिसणारा हा भेद चूर्णात नाहीसा होतो.

२) पान : खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, फुले नारिंगी-तांबडी व गुच्छाने येणारी. बागेतील उंच आसुपालवाचे पान साधे, नागमोडी कडांचे, फुले हिरवट. खरा अशोक दमट प्रदेशातील वृक्ष आहे. मराठवाड्याच्या कोरड्या रानात तो आपोआप वाढत नाही. ‘स्थानिक अशोकसाल’ स्वस्तात मिळू लागली, की प्रथम हे आठवावे. असृग्दराच्या रुग्णेस गुण न आल्यास दोष योगाचा, की द्रव्याचा, हे अन्यथा ठरणार कसे?

३) संग्रहकाल : चरकांनी कल्पस्थानात कोवळी पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घेण्यास सांगितले आहे. संग्रह करणाऱ्यास या क्रमाविषयी आवर्जून विचारावे.

४) संग्रहरीती : खोडाची साल सर्व बाजूंनी सोलल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही व वृक्ष मरतो. म्हणून एका बाजूची मर्यादित पट्टीच काढावी व जखम भरून येईपर्यंत त्या झाडास हात लावू नये.

औषधालयांच्या मालकांस आमची विनंती आहे, की प्रत्येक खरेदीत द्रव्याचे स्थान, संग्रहाचा ऋतू व संग्राहक यांची नोंद ठेवावी आणि अखंड नमुना मागावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत स्थानिक जाणकारांचे ज्ञान लिहिले जाते. आपल्या गावची ती नोंदवही वैद्यांनी अवश्य पाहावी.

रानातील जाणकारास योग्य मोल मिळाले, तरच तो झाड राखून साल देईल. आणि झाड राहिले, तरच पुढच्या पिढीच्या वैद्याला द्रव्य दिसेल.