गाडीचा विमा: न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी

न्यू जर्सीत नव्याने आलेली मंडळी घर आणि शाळेची चौकशी झाली की पुढचा प्रश्न गाडीच्या विम्याचा विचारतात. गाडी तीच, ऑफिस तेच, तरी शेजाऱ्यापेक्षा आपला हप्ता इतका जास्त का? इथे स्थिरावलेल्या काही कुटुंबांनी यावर लिहून पाठवले, ते एकत्र देत आहोत. ज्याला जे ठाऊक त्याने तेच विस्ताराने लिहिले आहे. अपघातानंतर दावा कसा करायचा यावर कोणी लिहिले नाही, त्यामुळे तो भाग यात नाही. मते ज्याची त्याची, ती तशीच ठेवली आहेत.

एडिसनहून: सुरुवातीची कामे

भारतातून निघण्यापूर्वी तिथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र लेटरहेडवर घ्या. किती वर्षे विमा होता आणि दावा केला होता का, हे त्यात स्पष्ट हवे. इथल्या सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, काही मानतात. आपण पुढे केल्याशिवाय मात्र कोणी विचारत नाही. जुन्या लायसन्सची, त्यावरच्या पहिल्या तारखेसकट, स्कॅन प्रत ठेवा.

मोटर व्हेइकल कमिशनची, म्हणजे एमव्हीसीची, अपॉइंटमेंट लवकर घ्या. ओळखीच्या कागदपत्रांचे सहा पॉइंट भरावे लागतात. पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि पत्त्याचा पुरावा एकाच फाइलमध्ये न्या. सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. दुसऱ्या राज्यातून आला असाल तर तिथले लायसन्स ६० दिवसांत बदलायचे.

पॉलिसी ‘स्टँडर्ड’ घ्या. ‘बेसिक’ स्वस्त दिसते, पण तिच्यात दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई आपोआप येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून स्टँडर्डची किमान मर्यादा एका माणसाच्या इजेला ३५,००० डॉलर, एका अपघाताला ७०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला २५,००० अशी आहे. इथले हॉस्पिटलचे बिल पाहिलेला कोणीही किमानावर थांबणार नाही. माझा सल्ला माणसामागे १ लाख आणि अपघातामागे ३ लाखांचा.

‘पिप’ म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन. चूक कोणाचीही असो, आपल्या घरच्यांच्या उपचारांचा खर्च आपलीच पॉलिसी देते. अडीच लाखांपासून १५,००० पर्यंत पर्याय असतात. आरोग्य विमा आधी वापरायचा असा पर्याय निवडला की हप्ता कमी होतो, पण तुमच्या नोकरीतला हेल्थ प्लॅन गाडीच्या अपघाताचा खर्च देतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. आई-बाबा भेटीला येणार असतील तर पिप कमी करू नका. त्यांचा प्रवासी विमा फारसा पुरत नाही, हे इथे राहिलेल्यांना माहीत आहे.

कोर्टात दावा लावण्याच्या आपल्या हक्कावर मर्यादा घातली तरी हप्ता उतरतो. मग वेदना आणि मनस्तापाची भरपाई फक्त मृत्यू, कायमची इजा, हाड मोडून सरकणे अशा ठरावीक गंभीर प्रसंगांतच मागता येते. सही करण्यापूर्वी नवरा-बायको दोघांनी हे वाचावे.

घरातल्या प्रत्येक लायसन्सधारकाचे नाव विमा कंपनीला कळवा.

प्लेन्सबरोहून: दर कसा ठरतो

मी विमा कंपन्यांसाठी दरांचे गणित करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून हा भाग माझ्याकडे आला.

भारतात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. हे आकडे २०२२ मध्ये ठरले. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), गाडीचे वय आणि झोन बघतात. पुणे-मुंबई ‘अ’ झोनमध्ये, सातारा-सांगली ‘ब’ मध्ये. दावा केला नाही तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो. मालक पदवीधर आहे की दहावी, हे तिथे कोणी विचारत नाही.

इथे विचारतात. अपघात आणि ट्रॅफिक तिकिटांशिवाय वय, लिंग, लग्न झाले आहे का, झिप कोड, घर स्वतःचे की भाड्याचे, शिक्षण, हुद्दा, आधी सलग विमा होता का, आणि क्रेडिटवरून काढलेला विमा स्कोअर. प्रत्येक कंपनीचे वजन वेगळे, म्हणून एकाच माणसाला दोन कंपन्यांचे भाव फार वेगळे येतात. किमान चार ठिकाणी विचारल्याशिवाय पॉलिसी घेऊ नका.

नवागताचे पारडे यात विचित्र असते. एम.एस. झालेला इंजिनीअर शिक्षण आणि हुद्द्यावर सवलत मिळवतो. क्रेडिटचा इतिहास नाही आणि इथे आधी विमा नाही, म्हणून त्याहून जास्त गमावतो. त्याच इमारतीत राहणारा, किराणा दुकानात काम करणारा आपलाच माणूस चारही बाजूंनी जास्त भरतो, मग त्याने आयुष्यात कोणाला धक्का लावलेला नसो.

तरी माझे मत ऐकून घ्या. फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात म्हटले होते की क्रेडिटवर आधारित स्कोअर दाव्यांचा अंदाज खरोखर वर्तवतो. एखादा निकष काढला म्हणून एकूण दावे कमी होत नाहीत. तोच खर्च दुसऱ्यांच्या हप्त्यात जातो. निकष काढायचे तर त्यांची जागा कशाने भरायची हे आधी सांगायला हवे.

पार्सिपनीहून: माझे काय झाले

मी एच-४ व्हिसावर आले. माझे नाव आपल्या रीतीप्रमाणे स्वतःचे, नवऱ्याचे, मग आडनाव. इथल्या कागदांवर कुठे नवऱ्याचे नाव मधले नाव झाले, कुठे माझ्याच नावाला जोडले गेले, कुठे गळाले. आमच्या आडनावाची इथे बरीच कुटुंबे आहेत. पॉलिसीच्या नूतनीकरणाला हप्ता एकदम वाढून आला. मी ना तिकीट घेतलेले, ना दावा केलेला. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले, सिस्टीमने दर काढला आहे. सिस्टीमने कशावरून काढला? ते सांगता येत नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: क्रेडिट रिपोर्टमधील माहितीमुळे तुम्हाला सर्वात चांगला दर देता आला नाही. रिपोर्ट मागवला तर त्यात दुसऱ्याच एका बाईचे थकलेले स्टोअर कार्ड माझ्या नावावर. मी कधी न गेलेल्या गावातला तिचा पत्ता माझा जुना पत्ता म्हणून लावलेला. रिपोर्ट देणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे तक्रार केली, त्यांनी ‘पडताळणी झाली, माहिती बरोबर आहे’ असे छापील पत्र पाठवले. पुन्हा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, भाडेकरार जोडला. विमा कंपनी म्हणे ब्युरोला सांगा, ब्युरो म्हणे कार्ड देणाऱ्या बँकेला सांगा, बँक म्हणे तुमचे आमच्याकडे खातेच नाही, मग तुमच्याशी बोलणार कसे. खातेच नाही, हेच तर मी सगळ्यांना सांगत होते. फोनवर तासन् तास होल्डवरची एकच धून ऐकली, इतकी की ती कुठे वाजली तरी अजून माझे डोके उठते. तोवर वाढीव हप्ता मी भरत राहिले, कारण विम्यात खंड पडला तर तोही माझ्याविरुद्ध लागला असता.

शेवटी दुरुस्ती झाली ती लेखी तक्रारींनीच. म्हणून कळकळीने सांगते. क्रेडिटमुळे चांगला दर नाकारल्याचे पत्र पाठवणे फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे कंपनीला बंधनकारक आहे आणि त्यानंतर रिपोर्ट फुकट मागण्याचा हक्क तुमचा आहे. तक्रारीची चौकशी ब्युरोने साधारण ३० दिवसांत करायची असते. फोनवर विसंबू नका, रजिस्टर्ड पत्र पाठवा. दुरुस्ती होताच विमा कंपनीकडे दर पुन्हा काढण्याची लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्सकडे तक्रार नोंदवा. मी गाडी कशी चालवते हे या सगळ्या काळात एकाही माणसाने मला विचारले नाही. याचा राग माझ्या मनातून जाणार नाही.

वेस्ट विंडसरहून: बदलाची मागणी

पार्सिपनीच्या बाईंना ज्याचा राग आला त्यावरच उपाय शोधणारी विधेयके आहेत. शिक्षण, हुद्दा आणि क्रेडिट स्कोअर हे निकष बंद करावेत अशी विधेयके ट्रेंटनच्या राज्य विधिमंडळात अनेक अधिवेशनांत आली. इथे अधिवेशन दोन वर्षांचे असते; त्यात मंजूर न झालेले विधेयक बारगळते आणि नव्याने मांडावे लागते. ती अशीच पुन्हा पुन्हा बारगळत आली. आमच्या भागाच्या काँग्रेस सदस्य बॉनी वॉटसन कोलमन यांनी २०१९ मध्ये रशिदा तलाईब आणि मार्क टकानो यांच्यासह देशभरासाठी ‘पेड ॲक्ट’ मांडला. लिंग, लग्न, शिक्षण, हुद्दा, घराची मालकी, झिप कोड, क्रेडिट, आधीची विमा कंपनी हे सगळे दरातून काढा, असे त्यात म्हटले होते.

हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये जनमताने प्रपोझिशन १०३ संमत केले. तिथे दर सर्वांत आधी ठरतो तो चालकाची नोंद, वर्षाचे मैल आणि चालवण्याचा अनुभव यांवरून, याच क्रमाने. २०१९ पासून तिथे लिंगही बघत नाहीत. क्रेडिट स्कोअर कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चालत नाही. मिशिगनने २०१९ च्या कायद्याने लिंग, लग्न, घराची मालकी, शिक्षण आणि हुद्दा वगळले, पण क्रेडिट रिपोर्टमधील माहितीवरून काढलेला विमा स्कोअर तिथे चालू राहिला. कायद्याची भाषा किती काटेकोर हवी ते यावरून दिसते.

प्लेन्सबरोच्या मित्राला माझे उत्तर असे. २००७ च्या त्याच अहवालात हेही आहे की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे स्कोअर सरासरीने खाली असतात. अंदाज बरोबर आला म्हणून निकष न्याय्य ठरत नाही. भरधाव चालवणारा वेग कमी करू शकतो. नुकता देशात आलेला माणूस दहा वर्षांचा क्रेडिट इतिहास कुठून आणणार? आणि शिक्षणाच्या निकषाचा फायदा आपल्यातल्या पुष्कळांना होतो, म्हणूनच त्याविरुद्ध आपण बोललो तर त्याला वजन येईल. मत देण्याचा हक्क नसला तरी पत्र लिहिता येते. राज्य विधिमंडळात तुमच्या मतदारसंघाचे एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतात. तिघांनाही लिहा, आणि आपल्या हप्त्याचे कागद जोडा.

ब्रिजवॉटरहून: दोन गोष्टी वडीलकीने

स्वस्त झिप कोड मिळावा म्हणून मित्राच्या घरचा पत्ता देणारे आपल्यात आहेत. करू नका. गाडी रात्री उभी राहते तोच पत्ता द्यायचा. दाव्याच्या वेळी हे उघडे पडते, आणि आपल्या आई-वडिलांनी आपल्याला असे वागायला शिकवलेले नाही.

दुसरे. दुसऱ्या गाडीचा विमा परवडत नाही म्हणून नवीन कुटुंबे रविवारच्या मराठी शाळेत येत नाहीत, गणपतीच्या तालमींना मुले पाठवत नाहीत. जुन्यांनी आपल्या वाटेवरचे घर शोधून त्या मुलांना घेऊन जावे. मागच्या सीटवर दोन घरची मुले बसली की पालकांनी मराठीतच बोलावे. शाळेच्या एका तासापेक्षा जास्त मराठी त्या प्रवासात कानावर पडते. मुले सतरा वर्षांची होऊन स्वतः गाडी चालवू लागली की ही संधी संपते. त्या वयात त्यांच्या नावाने हप्ता किती वाढतो ते सगळे सांगतील. चांगल्या मार्कांची सवलत मिळते, तीही मागावी लागते.

एडिसनहून पुन्हा: राहिलेले

क्रेडिट उभे करायला आल्याबरोबर सिक्युअर्ड (ठेवीवर मिळणारे) क्रेडिट कार्ड काढा, दोघांच्याही नावावर वेगवेगळे. फोनवरचे ॲप लावून चालवण्यावर सवलत देणाऱ्या कंपन्या आहेत. अचानक ब्रेक आणि रात्री उशिराचे ड्रायव्हिंग त्यात नोंदले जाते, तेव्हा रात्रपाळी असेल तर आधी विचार करा. दर नूतनीकरणाआधी भाव पुन्हा मागवा. नवी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख हातात आल्याशिवाय जुनी रद्द करू नका.