पेंडीतील विष आणि प्रथिनाची पट्टी

पावसाळ्यात पेंडीचे पोते ओलसर जमिनीवर राहिले की पेंडीला बुरशी लागते. वरची बुरशी झाडून तीच पेंड दुभत्या म्हशीला घालण्याची सवय अनेक ठिकाणी आढळून येते. परंतु अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. ते झाडून जात नाही. जनावराच्या यकृतात त्याचे रूप बदलते व काही अंश दुधात उतरतो. दूध उकळूनही तो नाहीसा होत नाही. आपल्या देशात एक किलो दुधात याची कमाल मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा २० लाखावा भाग, इतकी ठरविली आहे.

एवढे सूक्ष्म विष अचूक मोजणारी यंत्रे महाग असतात व ती शहरातील प्रयोगशाळेत असतात. अहवाल येईपर्यंत दूध पिऊन झालेले असते. येथे प्रथिने उपयोगी पडतात. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण रक्तातील प्रतिपिंड हेही प्रथिनच होय. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसे ते ठरावीक पदार्थालाच धरते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने सशांपासून अशी प्रतिपिंडे मिळवून भुईमुगासाठी स्वस्त चाचणी तयार केली. प्रथिनाने विष धरल्याची खूण विजेच्या किंवा रंगाच्या संकेतात बदलणारे साधन जोडले की झाला जैवसंवेदक, म्हणजेच बायोसेन्सर. रक्तातील साखर तपासण्याचे घरगुती यंत्र याच जातीचे. त्यामागील कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. गंमत अशी, की साखरेच्या अनेक पट्ट्यांवरील विकर अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळते. एक भाऊबंद विष कालवतो, दुसरा रोग्याच्या कामी येतो!

या संशोधनाला पैसा मुख्यतः सरकार देते. केंद्राने १९८६ साली जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. शास्त्रज्ञ प्रकल्प सादर करतात, तज्ज्ञ समिती छाननी करते आणि ठरावीक मुदतीसाठी निधी मंजूर होतो. २०१२ साली स्थापन झालेली बायरॅक ही सरकारी कंपनी उद्योगांनाही साहाय्य करते.

खरी अडचण पुढेच आहे. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिन बिघडते. म्हणून अशा चाचण्यांचे बरेच साहित्य २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. मे महिन्यात, वीज गेलेल्या दूध संकलन केंद्रात ते किती दिवस टिकणार? शोधनिबंध लवकर होतो, टिकाऊ पट्टीला वर्षे लागतात. निधीचा मोठा वाटा या टिकाऊपणावर व गावातील चाचण्यांवर पडावा असे आम्हांस वाटते. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकरी प्रतिनिधी असतात. त्यांच्यामार्फत हा प्रश्न जरूर विचारा.

तोपर्यंत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. बुरशी लागलेली पेंड टाकून द्या. ती बंद केल्यावर साधारण तीन-चार दिवसांत दुधातील विष ओसरते. पेंड तपासणीस द्यायची असल्यास प्रत्येक पोत्यातून वरून, मधून व तळातून थोडी थोडी काढून एकत्र मिसळा. हे विष पोत्यात सगळीकडे सारखे नसते. एका कोपऱ्यातील मूठभर पेंड निर्दोष निघाली तरी बाकीचे पोते दूषित असू शकते.