गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लोणावळ्याची सहल : जायचे कसे आणि थांबायचे कुठे

वस्तीची सहल एका दिवसात ठरत नाही. महिला मंडळ महिनोन्‌महिने पैसे जमा करते, बस ठरते, मुलांच्या सुट्टीचा मेळ घातला जातो. सकाळी देहूरोडला वंदना, मग कार्ला किंवा भाजे लेणी, दुपारी मुलांच्या हट्टासाठी वॉटर पार्क आणि परतताना चिक्की, असा बेत पुणे-पिंपरीकडच्या अनेक घरांना ओळखीचा आहे. काही गट घाट उतरून खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही जातात.

ऑपरेशनची तारीख मात्र आपल्या हातात नसते. सरकारी दवाखान्यात किंवा योजनेतून ऑपरेशन करायचे तर नंबर लागेल तेव्हा जावे लागते. त्यामुळे पुष्कळदा सहल आणि ऑपरेशन एकापाठोपाठ येतात. मग घरात दोनच वाक्ये ऐकू येतात : "आई, तू घरीच थांब" किंवा "चल गं, हळूहळू जाऊ." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. सहल गुडघ्याच्या हिशेबाने आखली तर ऑपरेशन झालेल्या माणसालाही आनंदाने जाता येते. पण तो हिशेब घरून निघण्यापूर्वी करायचा असतो, पार्कच्या दारात नव्हे.

आधी ऑपरेशन कोणते, ते समजून घ्या

"गुडघ्याचे ऑपरेशन झाले" एवढे सांगून भागत नाही. आपल्याकडे साधारणपणे तीन प्रकार दिसतात.

पहिला, दुर्बिणीने गुडघ्यातली फाटलेली गादी साफ करण्याचे. जखम लहान असते आणि माणूस लवकर चालू लागतो. पण गादी काढली नसून शिवली असेल, तर पायावर किती भार द्यायचा याची बंधने कित्येक आठवडे असतात. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिले आहे, ते वाचून घ्या.

दुसरा, लिगामेंटचे. कबड्डी, क्रिकेट किंवा गाडीवरून पडणे यामुळे तरुणांमध्ये हे जास्त दिसते. शरीरातलाच दुसरा स्नायूबंध घेऊन नवे लिगामेंट बसवतात. इथे एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी. दीड-दोन महिन्यांनी दुखणे बरेच कमी होते, पण बसवलेले लिगामेंट नेमके त्याच सुमारास कमजोर असते, कारण शरीर ते नव्याने घडवत असते. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असे नाही. उडी, पाय मुरगळणे, पाण्यात घसरणे यांतून ते पुन्हा तुटू शकते.

तिसरा, सांधा बदलण्याचे. आपल्या आई-आजींचे बहुधा हेच असते. टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. काठीशिवाय नीट चालायला बहुतेकांना सहा आठवड्यांच्या आसपास लागतात आणि सूज कित्येक महिने येत-जात राहते. पहिल्या सहा आठवड्यांत दिवसभराची सहल न काढलेलीच बरी. तारीख पुढे ढकलता येत असेल तर मंडळाला तसे मोकळेपणाने सांगावे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

"जाऊ का?" असे विचारले की डॉक्टर हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. एका वेळी किती वेळ उभे राहू शकते? किती चालू शकते?
२. पायऱ्या चढायच्या का? किती?
३. जखम पाण्यात बुडवायला कधीपासून चालेल?
४. पाळण्यात बसायचे का? कोणत्या पाळण्यात नाही?
५. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, आणि ती कधीपर्यंत घ्यायची?

उत्तरे लिहून घ्या आणि सहलीच्या पुढाऱ्याला दाखवा. कागद हातात असला की कुणी "काही होत नाही गं" म्हणत नाही.

प्रवास : लोकल, बस आणि घाट

दापोडी, पिंपरी किंवा देहूरोडहून लोकल पकडली तर मळवली स्टेशनवर उतरून एका बाजूला कार्ला आणि दुसऱ्या बाजूला भाजे. खर्चाला हे सोयीचे आहे, पण लोकलची पायरी उंच असते आणि पूल चढावा लागतो. तेव्हा काठी बरोबर असू द्या आणि गर्दीची वेळ टाळा. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. पायऱ्यांचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कठडा कधी सोडू नका.

बसने जाणार असाल तर ऑपरेशन झालेल्या माणसाला पुढची, मधल्या वाटेकडची जागा द्या, म्हणजे पाय लांब करता येतो. शनिवार-रविवारी घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. तेवढा वेळ गुडघा दुमडून बसले की पाय आखडतो, शिवाय पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पहिले तीन महिने हा धोका विशेष असतो. म्हणून बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली वीस वेळा हलवा, तासाभराने गाडी थांबवून चार पावले चाला आणि पाणी पीत राहा. बाथरूमला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही बायकांची सवय इथे घातक ठरते. निघण्यापूर्वी वाटेत कमोड कुठे मिळेल याची चौकशी करून ठेवा. सांधा बदललेल्या माणसाला उकिडवे बसणे जमत नाही, आणि प्रयत्नही करू नये.

लेणी पाहायची आहेत, पण पायऱ्या?

कार्ल्याचे चैत्यगृह हे देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे. ते पाहावे असे आपल्या प्रत्येकाला वाटते. पण कार्ला, भाजे आणि बेडसे या तिन्ही लेण्यांना शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. गाडी जिथपर्यंत जाते, तिथून पुढेही पायऱ्या आहेतच. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार पडतो तो उतरताना. ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत लेणी पुढच्या वर्षासाठी ठेवावीत, असे आम्ही सांगू. ती दोन हजार वर्षे उभी आहेत, आणखी एक वर्ष आपली वाट पाहतील.

त्याऐवजी देहूरोडला जास्त वेळ द्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते ठिकाण डोंगरावर नाही. खुद्द २५ डिसेंबरला मात्र तिथे मोठी गर्दी असते, त्यामुळे काठी घेतलेल्या माणसासाठी दुसरा दिवस निवडा. वंदनेसाठी खाली मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसण्याची सक्ती स्वतःवर करू नका. खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना तेवढीच होते.

पावसाळ्यात ओढे, धबधबे आणि भुशी धरणाच्या पायऱ्या पूर्ण वर्ज्य समजा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. धडधाकट पाय जिथे टिकत नाहीत, तिथे शिवलेला गुडघा काय टिकणार?

पार्कात काय करावे, काय टाळावे

झटका देणारे, उलटे करणारे, उंचावरून खाली सोडणारे पाळणे नकोत. तिथल्या फलकांवर नुकतेच ऑपरेशन झालेल्यांना मनाई लिहिलेली असते. त्यामागे कारण आहे. अशा पाळण्यात गुडघा दुमडलेल्या अवस्थेत दांड्याखाली अडकतो आणि झटका थेट सांध्यावर येतो. शिवाय पाळणा मध्येच बंद पडला तर अरुंद जिन्याने खाली उतरावे लागते. मुलांची रेल्वे, बसून पाहायचे खेळ आणि सावलीतले कार्यक्रम चालतील, पण चढण्या-उतरण्याची पायरी आधी पाहून घ्या.

मावळातल्या वेट एन जॉयसारख्या वॉटर पार्कात धोका दुहेरी असतो. ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि घसरगुंडीच्या शेवटी पाण्यात आपटताना गुडघा मुरगळतो. त्याहून मोठा प्रश्न जखमेचा आहे. टाके निघाले म्हणजे जखम भरली, असे नसते. खपली असेल, ओल असेल, तर शेकडो लोकांच्या पाण्यात पाय बुडवू नका. बदललेल्या सांध्यात जंतू शिरले तर पुन्हा ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो, कधी तो काढावाही लागतो. धुणी-भांडी करून किंवा झाडलोट करून घर चालवणाऱ्या बाईला सहा महिने पुन्हा अंथरुणात काढणे परवडणार नाही. "प्लास्टिकची पिशवी बांधते" हा उपाय पोहण्याच्या पाण्यात चालत नाही.

रांगेत उभे राहणे हे चालण्यापेक्षा जास्त त्रासाचे असते. पार्कात व्हीलचेअर मिळते का आणि रांगेत बसायची सोय आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. व्हीलचेअर घेण्यात कमीपणा नाही. चालण्याची ताकद वाचवून ती जिथे आनंद आहे तिथे खर्च करायची, एवढाच त्याचा अर्थ. प्रवेशद्वारावर सांध्यातल्या धातूमुळे यंत्र वाजू शकते. डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ ठेवा.

दुपारी अर्धा तास आडवे व्हा. पाय उंच ठेवताना उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली ठेवली की पाय सरळ व्हायचा राहून जातो. सरबतवाल्याकडून बर्फ घ्या, पिशवीत घालून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि १५ मिनिटे शेका. उघडा बर्फ कातडीला लावू नका. जास्त फिरता यावे म्हणून कुणाच्या पर्समधली दुखण्याची गोळी घेऊ नका. रक्त पातळ होण्याच्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

सामान राखायला कोण?

सहलीत एक गोष्ट हमखास घडते. ज्याचा पाय दुखतो त्याला सावलीत बसवतात आणि सगळ्यांच्या पिशव्या त्याच्याजवळ ठेवून जातात. संध्याकाळपर्यंत आजी चपला आणि डबे राखत बसते आणि विचारले तर म्हणते, "मी मजेत आहे." असे होऊ देऊ नका. दर तासाला एक जण तिच्याजवळ थांबेल, अशा पाळ्या लावा. पिशव्यांसाठी लॉकर मिळत असेल तर वर्गणीतून घ्या. आजीनेही "माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको" म्हणून दुखणे लपवू नये. वेळीच सांगितले तर दहा मिनिटे थांबावे लागते. लपवले तर सगळी बस दवाखान्यात जाते.

ही लक्षणे दिसली तर सहल तिथेच थांबवा

• एकाच पायाची पोटरी सुजली, घट्ट झाली, दाबल्यावर दुखू लागली.
• अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले.
• जखमेतून पाणी किंवा पू येतो, गुडघा लाल व गरम झाला, थंडी वाजून ताप आला.
• पडल्यावर पाय टेकवत नाही, किंवा गुडघा भोपळ्यासारखा फुगला.

धाप आणि छातीत दुखणे ही पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याची खूण असू शकते. घरी पोहोचेपर्यंत थांबू नका, १०८ ला फोन करा. बाकी तक्रारींसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरी दुखत असेल तर ती चोळू नका.

सहलीला जाण्याआधी एवढे पाहा : डॉक्टरांचा कागद, रोजच्या गोळ्या, काठी, डिस्चार्ज कार्ड, पाण्याची बाटली, आणि दिवसभर सोबत राहणाऱ्या माणसांच्या पाळ्या. सकाळचा व्यायाम त्या दिवशीही चुकवू नका. दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवा, घरकाम इतरांनी वाटून घ्यावे. गुडघ्याचे ऑपरेशन हे पुन्हा चालण्यासाठी केलेले असते. एका दिवसाच्या घाईत ते चालणे गमावू नका.