बेसिनचा वेस्ट बदलताना



बेसिनखाली पाणी ठिबकायला लागलं की आपण प्लंबरला फोन करतो आणि मुलांना लांब पाठवतो. पुढच्या वेळी त्यांना जवळ बसवा. तिसरी-चौथीच्या मुलांना टॉर्च नक्की धरता येतो!

दुकानात जाण्याआधी बेसिनच्या आतल्या बाजूला, वर, एक छोटं भोक आहे का ते मुलांना शोधू द्या. नळ चालू राहिला तरी बेसिन भरून वाहू नये म्हणून ते असतं. भोक असेल तर हाफ थ्रेड कपलिंग घ्यायची. तिच्या अंगाला खाचा असतात, त्यातून भोकातलं पाणी खाली उतरतं. भोक नसेल तर फुल थ्रेड.

आता बादली ठेवून ट्रॅप सोडवा. बादलीत काळपट पाणी पडेल. इथे थांबा आणि विचारा, "हे पाणी वाहून का नाही गेलं?" उत्तर लगेच सांगू नका. मुलं कचरा म्हणतील, केस म्हणतील, म्हणू द्या.

ते पाणी मुद्दाम अडवलेलं असतं. गटारातली घाण हवा घरात येऊ नये म्हणून एवढंसं पाणी दाराचं काम करतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपाच्या पाइपला असाच बाक देऊन पेटंट घेतलं होतं. मे महिन्यात गावाहून परतल्यावर बाथरूममध्ये वास येतो ना? नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं. फिनेल नंतर. ही गोष्ट फक्त वासाची नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300 हून अधिक रहिवाशांना सार्स झाला, तेव्हा तपासात बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप हेही एक कारण पुढे आलं.

जोडणी सोपी आहे. जुनी कपलिंग काढून कड कोरडी पुसा, वरून नवी घाला, खालून रबर वॉशर आणि नट लावा. नट हाताने घट्ट झाला की पान्याने अगदी थोडाच फिरवा, जोर केला तर बेसिनला तडा जातो. पाना मोठ्यांच्याच हातात असू द्या. मग ट्रॅप परत जोडा, नळ सोडा आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवायला मुलांना सांगा. ओला झाला तर गळती आहे.

वर्गात पारदर्शक नळी यू आकारात बांधून पाणी भरा, पातळीवर पेनाने खूण करा. रोज पाणी किती उतरतं ते मुलं पट्टीने मोजून वहीत लिहितील.