फिरत्या पाण्यातील कोळंबी आणि सिल्लोडची शेती

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अजिंठ्याच्या डोंगररांगांलगत वसलेल्या सिल्लोड तालुक्यात कोळंबी, म्हणजे आपल्याकडील बोलीतले झिंगे, वाढविण्याचा विचार काही वर्षांपूर्वी कोणी मनातही आणला नसता. मका, कापूस आणि मिरची ही येथील पिके. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात आणि २०१२ व २०१५ या वर्षांनी त्या ताज्या केल्या. अशा मुलखात पाणी न बदलता तेच पुन्हा पुन्हा वापरून कोळंबी पिकविण्याच्या पद्धतीचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने अशा संचांसाठी सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाह्य ठरविले. त्यामुळे हा विषय ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. टाकीतील पाणी प्रथम गाळणीतून जाते; तेथे विष्ठा व उरलेले खाद्य अडते. नंतर ते जैविक गाळणीत येते. येथील सूक्ष्म जिवाणू विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेवटी हवा मिसळून पाणी पुन्हा टाकीत सोडले जाते. या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो आणि ते पाण्यातील अल्कतेचाही फडशा पाडतात. म्हणून वेळोवेळी चुना अगर खाण्याचा सोडा घालून सामू सांभाळावा लागतो. सामू ७ असता २५ अंश तापमानाच्या पाण्यातील अमोनियाचा शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग शेकडा ३५ च्या वर जातो. शाळेतील विज्ञानशिक्षकांना हा धडा टाकीच्या काठावर शिकविता येईल.

आता थोडा हिशेब मांडू. एक लाख लिटरच्या टाकीतून ३०० किलो कोळंबी काढावयाची, तर सुमारे ४२० किलो खाद्य लागेल. त्यात शेकडा ३५ प्रथिने धरली तर नत्र होतो साडेतेवीस किलो. त्याचा सुमारे चौथा हिस्साच कोळंबीच्या शरीरात राहतो. उरलेला साडेसतरा किलोंहून अधिक नत्र पाण्यात व गाळात जातो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, ३८ किलो युरियात जेवढा नत्र असतो तेवढा हा झाला. मक्याच्या शेतीसाठी हे धनच म्हटले पाहिजे.

परंतु येथेच खरी मेख आहे. टाक्यांतून दाटीने वाढविली जाते ती मुख्यतः ‘व्हॅनामी’ जातीची कोळंबी. पॅसिफिक महासागरातील या परदेशी जातीच्या संवर्धनास भारतात २००९ साली परवानगी मिळाली. तिला खारे पाणी लागते. कमी क्षारतेतही ती जगते, पण त्यासाठी पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसह क्षार योग्य प्रमाणात विकत आणून मिसळावे लागतात. लिटरला पाच ग्रॅम क्षारता ठेवली, तरी एक लाख लिटरला पाचशे किलो, म्हणजे पन्नास किलोंची दहा पोती मीठ झाले. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. उलट, तूट भरून काढण्यासाठी घातलेल्या विहिरीच्या पाण्यातील क्षार त्यात भर घालतात. मका व मिरची ही क्षारांना नाजूक पिके. लिटरमागे एक ग्रॅम क्षारांचे पाणी सतत दिले तरी त्यांचे उत्पन्न घटू लागते. कापूस अधिक सोसतो, हे खरे. पण सोडियमने काळ्या जमिनीची घडणच बिघडते आणि पाण्याचा निचरा थांबतो. थोडक्यात, तो ३८ किलो युरिया दहा पोती मिठात कालवून मिळतो आणि शेताच्या कामाचा राहत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांमुळे पिण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी ते गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पाहणीचा आधार घेऊन न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारा-नियमन क्षेत्रातील अशी तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे २००५ मध्ये सागरी मत्स्यसंवर्धनासाठी स्वतंत्र कायदा झाला. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्थेच्या केंद्राने खाऱ्या भूजलात कोळंबी वाढविली, पण तेथील भूजल मुळातच खारे होते. गोड्या विहिरींच्या गावी मीठ विकत आणणे ही अगदी निराळी गोष्ट होय.

विजेचा प्रश्नही असाच. हवा देणारे यंत्र थांबले की दाटीच्या टाकीतील माल काही तासांत, कित्येकदा त्याहूनही लवकर, दगावतो. शेतीपंपांना ठरावीक तासच मिळणाऱ्या विजेवर हा संच चालणार नाही, जनित्र हवेच.

मग सिल्लोडने काय करावे? आमच्या मते, गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी येथे अधिक सोयीची. तिच्या पिलांना बाल्यावस्थेत निमखारे पाणी लागते, पण ते बीजकेंद्राचे काम; पुढची वाढ गोड्या पाण्यातच होते. मात्र ती भांडखोर आहे. कात टाकताना मऊ पडलेल्या भावंडांना खाते, म्हणून टाकीत दाटीने ठेवता येत नाही. तिला शेततळेच मानवते. ३० मीटर लांब-रुंद व ३ मीटर खोल शेततळ्यात, उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. दर चौरस मीटरला तीन पिले सोडली, निम्मी जगली आणि सरासरी ५० ग्रॅमची झाली, तर ६७ किलो कोळंबी मिळेल. रक्कम फार मोठी नव्हे. पण पाणी शेतीसाठीच साठविलेले असते आणि नत्रासह ते पिकाला जाते. थंडी तिला बाधते. म्हणून पावसाळ्यात तळे भरताच पिले सोडून डिसेंबरच्या कडाक्यापूर्वी ती काढावीत. नंतरचे पाणी रब्बीच्या मक्याला उपयोगी पडते.

टाकीचा संच उभारावयाचाच असेल, तर तो गोड्या पाण्यातील माशांसाठी असावा. खाऱ्या पाण्याच्या संचाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आला, तर सदस्यांनी अर्जदाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: टाकी रिकामी करताना पाणी कोठे जाणार, गाळ कोठे पडणार आणि जवळची पिण्याची विहीर किती अंतरावर आहे. बीज नोंदणीकृत केंद्राचे व रोगमुक्त असल्याचा दाखला आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी पाहावी. विहिरीच्या पाण्याची क्षारता संच सुरू होण्यापूर्वी एकदा मोजून दप्तरी नोंदवावी आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात त्याच विहिरीची पुन्हा मोजणी करावी.