वायर किती जाडीची हवी? : उष्णतेचा नियम आणि घरची भिंत



दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ आपण सगळेच शिकवतो. उष्णता = धारेचा वर्ग × रोध × काळ. सूत्र फळ्यावर येतं, दोन उदाहरणं सुटतात, पाठ संपतो. माझाही तसाच संपला असता. पण एका मुलाने सहज सांगितलं, "बाई, आमच्याकडे गीझर लावला की थोड्या वेळाने एमसीबी पडायचा. मग बाबांनी १० चा काढून ३२ चा बसवला. आता अजिबात पडत नाही."

वर्गाला वाटलं, छान झालं! मी मात्र पुढचा तास त्याच गीझरवर घेतला.

मुलाला घरी बघून यायला सांगितलं होतं. गीझर ३००० वॉटचा, आणि लाइन दिव्या-पंख्यांची, १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची. आता गणित करू. ३००० भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे १३ अँपिअर. बोर्डापासून गीझर १० मीटर धरला, तर जाणारी आणि परत येणारी मिळून वायर २० मीटर. तिचा रोध साधारण ०.३४ ओहम. १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.३४, म्हणजे ५७ वॉट. एवढी उष्णता भिंतीतल्या बंद पाइपात सतत तयार होते. तीच वायर २.५ ची असती तर २३ वॉट, ४ ची असती तर जेमतेम १४.

आता खरी गोष्ट. ३२ चा एमसीबी ३२ अँपिअरपर्यंत गप्प बसणार. उद्या त्याच लाइनवर इस्त्री आली, मिक्सर आला, आणि धारा खरंच ३२ वर गेली तर? ३२ चा वर्ग १०२४, गुणिले ०.३४, म्हणजे जवळपास ३५० वॉट! धारा अडीच पट, उष्णता सहा पट. वायर तापली की तिचा रोधही वाढतो, तो वेगळाच. घरातल्या साध्या वायरीचं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, नंतर कडक होऊन तडकतं, आणि एक दिवस दोन तारा एकमेकींना टेकतात. एमसीबी गीझरला नव्हे, वायरीला वाचवायला असतो, हे मुलांना (आणि खरं सांगायचं तर काही पालकांनाही) तेव्हा पहिल्यांदा कळलं. आधी भार बघून वायर ठरते, मग वायर बघून एमसीबी. उलटं नाही.

सर्वसाधारण प्रथा अशी: दिवे-पंखे १ किंवा १.५, मोठ्या प्लगसाठी २.५, गीझर-एसीला स्वतंत्र ४ ची लाइन. अंतर लांब असेल किंवा एका पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या असतील तर एक पायरी वरची घ्यावी. हा आकडा तारेच्या काप-क्षेत्रफळाचा आहे, व्यासाचा नाही. मुलं इथे हमखास चुकतात. जुने वायरमन 'तीन बावीस', 'सात वीस' म्हणतात ना, त्यात पहिला आकडा तारांचा आणि दुसरा गेजचा. गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हे ऐकून मुलांना फार मजा वाटते.

"बाई, ॲल्युमिनियम स्वस्त आहे, मग तेच का नको?" हा प्रश्न येतोच. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या साधारण १.६ पट, म्हणून तेवढ्याच धारेला तार तितकी जाड लागते. खांबांवरच्या तारांना ते चालतं, कारण ते तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलकं आहे. घरात अडचण जोडाची. त्याच्यावर चटकन ऑक्साइडचा थर येतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय स्क्रूखाली ते हळूहळू दबत जातं आणि जोड सैल होतो. जुन्या घरात ॲल्युमिनियमला नुसता पीळ मारून तांब्याची वायर जोडलेली असते. दमट हवेत असा जोड लवकर गंजतो. सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. १३ अँपिअरला तिथे १७ वॉट, तेही एका टिचभर जागी. वायर शाबूत आणि प्लग काळा, असं आपण पाहतो ते यामुळेच.

त्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. "वायर चांगल्या कंपनीची आहे हो," ते म्हणाले. असेलही. मी त्यांच्यासमोर मुलाची वही ठेवली, ३५० वॉटवाली. पुढच्या आठवड्यात परवानाधारक वायरमनने गीझरसाठी ४ ची वेगळी लाइन ओढली, तिला १६ चा एमसीबी लावला. दिव्यांच्या लाइनला ६ चा बसला.

हा उपक्रम तुमच्या वर्गातही घेता येईल. घरातल्या प्रत्येक उपकरणावरचे वॉट आणि एमसीबीवरचे आकडे मुलांनी लिहून आणायचे, धारा काढायची. वायरीची जाडी पालकांनी वायरमनला विचारावी. मुलांनी फक्त बाहेरून वाचायचं, बोर्ड उघडायचा नाही, हे मात्र आदल्या दिवशी दोनदा बजावा.